खातं उघडायचंय? आधी पत्ता सांगा

जर्मनीत नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात एक कोडं सोडवावं लागतं. पगार जमा व्हायला बँक खातं हवं. खात्यासाठी अनेक बँकांना नोंदणी केलेला पत्ता हवा. पत्ता नोंदवायला घर हवं. घर देण्याआधी घरमालक मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि ‘शुफा’ नावाच्या कंपनीचा दाखला मागतो. पगार झाल्याशिवाय स्लिप नाही आणि खातं उघडल्याशिवाय शुफाकडे तुमची नोंद नाही. आमच्या क्षेत्रात याला ‘सर्क्युलर डिपेंडन्सी’ म्हणतात. अ सुरू व्हायला ब लागतो, ब सुरू व्हायला अ लागतो, आणि दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

नोकरीसाठी पुण्याहून बर्लिनला आल्यावर मीही या वर्तुळात फिरले आणि बहुतेकांसारखी बाहेरही पडले. बाहेर कसं पडायचं ते इथल्या कुठल्याही मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं की कळतं. कुणीतरी महिन्या-दोन महिन्यांसाठी पत्ता नोंदवू देणारी खोली सुचवतं, कुणी पासपोर्टवर खातं उघडणारी ऑनलाइन बँक सुचवतं. मला प्रश्न पडला तो वेगळा. हे सगळं असं ठरवलं कुणी? जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसली की ती पुसण्याआधी आम्ही शोधतो, की ती कधी लिहिली आणि तेव्हा अडचण काय होती. बँकेच्या प्रत्येक अटीचा असा माग काढला, तर जर्मनीचा शंभर वर्षांचा इतिहास हाताला लागतो.

पत्त्याची नोंद

जर्मनीत राहायला आलात की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा. याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. २०१५च्या १ नोव्हेंबरपासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार सोबत घरमालकाचं सहीचं पत्रही लागतं. ही नोंद झाली की अकरा आकडी करक्रमांक टपालानं घरी येतो. रेडिओ-टीव्हीच्या सार्वजनिक प्रसारणाची वर्गणी भरा, असं पत्रही लवकरच येतं. महिन्याला १८.३६ युरो, प्रत्येक घरामागे, टीव्ही असो वा नसो. काही जणांच्या हाती बँकेचं कार्ड पडण्याआधी हे पत्र पडतं.

नोंदीची ही सवय जुनी आहे. १९व्या शतकातच अनेक जर्मन राज्यांमध्ये कोण कुठे राहतं याची नोंद पोलीस ठेवत असत. नाझी सरकारनं ६ जानेवारी १९३८ला संपूर्ण देशासाठी एकच नियम काढला आणि प्रत्येकाला पोलिसांकडे पत्ता नोंदवणं बंधनकारक केलं. ज्यू रहिवाशांना घराघरातून शोधून काढताना याच नोंदवह्या वापरल्या गेल्या. युद्धानंतर हे काम हळूहळू पोलिसांकडून नगरपालिकांकडे गेलं. सरकारनं माणसाबद्दलची माहिती किती आणि कशासाठी गोळा करावी यावर मोठे वाद झाले. १९८३मध्ये जनगणनेच्या खटल्यात घटना न्यायालयानं सांगितलं, की आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क मुळात त्या माणसाचा आहे. जर्मन लोक खासगी माहितीबद्दल इतके हळवे का, असं भारतातून आलेल्यांना नेहमी वाटतं. त्याचं उत्तर या नोंदवह्यांत आहे.

नोंद मात्र राहिली. तुम्ही कुठे सापडाल हे बँकेला कळायला हवं, हे तत्त्व कायम आहे.

वीजबिलातून जन्मलेला दाखला

शुफाचा जन्म बर्लिनमध्ये १९२७ साली झाला. तेव्हा शहरात घरोघरी वीज पोचत होती आणि वीज कंपनी ‘बेवाग’ला ती जास्तीत जास्त खपवायची होती. लोकांनी विजेची उपकरणं घेतली तरच वीज खपणार. पण सामान्य कुटुंबाकडे एवढे पैसे एकरकमी कुठून येणार? म्हणून कंपनीनं उपकरणं हप्त्यानं द्यायला सुरुवात केली. हप्ता कुणाला द्यायचा हे ठरवणं सोपं होतं, कारण बिल कोण वेळेवर भरतं हे कंपनीला आधीच माहीत होतं. या माहितीचा उपयोग इतर दुकानदारांनाही होईल, या कल्पनेतून शुफा उभी राहिली. नावाचा अर्थ साधारण असा, की हप्त्यानं माल विकणाऱ्यांनी आपल्या संरक्षणासाठी केलेला संघ.

आपल्याकडच्या वाण्याच्या उधारीच्या वहीसारखंच हे. फरक इतकाच, की ही वही सगळ्या वाण्यांनी मिळून एका जागी ठेवली. आज तिच्यात सुमारे ६ कोटी ८० लाख माणसांची नोंद आहे.

या वहीत वाईट शेरा असणं एक, आणि तिच्यात नावच नसणं दुसरं. नवा आलेला माणूस दुसऱ्या गटात मोडतो. पुण्यात त्यानं दहा वर्षं वीजबिल एकदाही चुकवलेलं नसतं, गृहकर्जाचे हप्ते वेळेवर गेलेले असतात, सिबिल स्कोअर झकास असतो. यातलं काहीही सीमा ओलांडून येत नाही. विमानात बसताना माणूस तिशीतला असतो. उतरताना, आर्थिकदृष्ट्या, तो आजच जन्मलेला असतो.

या आकड्याला आव्हान मिळालं ते अगदी अलीकडे. ७ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयानं म्हटलं, की बँक जर शुफाच्या स्कोअरवरच मुख्यतः विसंबून निर्णय घेत असेल, तर तो स्कोअर हाच यंत्रानं परस्पर दिलेला निर्णय ठरतो. युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्यात अशा निर्णयांवर बंधनं आहेत. आपल्याबद्दल शुफाकडे काय लिहिलंय त्याची प्रत याच कायद्याखाली फुकट मागवता येते. कंपनी दाखला विकतही देते, त्यामुळे फुकटचा मार्ग अनेकांना उशिरा कळतो.

पगाराचं पाकीट आणि दहा लाखावा पाहुणा

जर्मनीतल्या रोजच्या वापराच्या खात्याला ‘गिरोकोन्टो’ म्हणतात. ‘जिरो’ हा मूळचा इटालियन शब्द, अर्थ फेरी किंवा वर्तुळ. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहतात, म्हणून गिरो. व्यापाऱ्यांसाठी अशी खाती ठेवणारी बँक हॅम्बुर्गमध्ये १६१९लाच निघाली होती. सामान्यांसाठी १ जानेवारी १९०९पासून जर्मन टपाल खात्यानं पैसे खात्यातून खात्यात फिरवायची सोय केली. तरी कामगाराच्या हाती पगार पडायचा तो पाकिटात, रोख. १९६०च्या दशकात कंपन्यांनी पाकिटं बंद करून पगार खात्यात भरायला सुरुवात केली. तेव्हा कुठे घरोघरी गिरोकोन्टो आलं.

त्याच दशकात परदेशी कामगार लाखांनी येत होते. इटलीशी करार झाला १९५५ला, तुर्कस्तानशी १९६१ला. १० सप्टेंबर १९६४ला कोलोनच्या डॉइट्स स्टेशनवर पोर्तुगालचे आर्मांदो रोद्रिगिश द सा गाडीतून उतरले. ते दहा लाखावे ‘पाहुणे कामगार’ ठरले आणि स्वागतात त्यांना एक मोपेड भेट मिळाली. तो फोटो इथल्या शाळेच्या पुस्तकांतही दिसतो.

या कामगारांना सुरुवातीचं वर्तुळ अडलं नाही, कारण सगळं एका गठ्ठ्यात मिळत होतं. कामाचा करार निघण्याआधीच झालेला असे आणि झोपायची जागा देण्याची जबाबदारी मालकाची असे. पत्ता आला, पगार आला, नोंदही आली. पण त्याची किंमत होती. पत्ता म्हणजे कारखान्याच्या वसतिगृहातली एक खाट. परवाना सहसा वर्षाचा आणि नोकरीला बांधलेला. वर्षभर राबावं आणि परत जावं, अशी अपेक्षा होती. गिरणगावातल्या खोलीत पाळीपाळीनं झोपून कोकणात मनिऑर्डर धाडणाऱ्या चाकरमान्याची गोष्ट ज्यांनी घरी ऐकली आहे, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. माणूस एका जागी कमावतो आणि त्याचा पैसा दुसऱ्या जागी राहतो.

आजच्या आयटीवाल्याला नोकरी मिळते, पत्ता त्यानं स्वतः शोधायचा असतो. गठ्ठा सुटला आणि वर्तुळ तयार झालं. तरी मला विचाराल तर हेच बरं. मालकानं दिलेला पत्ता मालकाबरोबर जातो.

दुसऱ्याच्या खात्यातला पगार

पगार आपल्या खात्यात येणं किती महत्त्वाचं आहे, हे समजायला भिंतीच्या पलीकडे जावं लागतं.

पूर्व जर्मनीनं १९७९मध्ये मोझांबिकशी करार करून तिथले हजारो तरुण कारखान्यांत कामाला आणले. त्यांच्या पगाराचा एक भाग कापला जाई. काही काळ ही कपात ठरावीक मर्यादेवरच्या पगाराच्या ६० टक्के होती. हा पैसा तुमच्या देशात जमा होतोय, परत गेलात की मिळेल, असं त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो मोझांबिकवर असलेल्या पूर्व जर्मनीच्या कर्जाच्या हिशेबात वळता झाला. १९९०मध्ये पूर्व जर्मनी संपला, बहुतेकांना मायदेशी पाठवलं गेलं, आणि त्यांचे पैसे त्यांना पूर्ण कधीच मिळाले नाहीत. मोझांबिकमध्ये त्यांना ‘मादजेर्मानेस’ म्हणतात. राजधानी मापुतोच्या रस्त्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले.

घाम गाळला होता, हिशेबही लिहिलेला होता. त्या हिशेबावर सही करायचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. बँकेच्या ॲपमध्ये स्वतःच्या नावाखाली आलेला पहिला पगार बघताना मला ही माणसं आठवतात.

खिशातली नोट

नव्या भारतीयाला सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकते ती इथली रोकड. चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना यूपीआय करून आलेला माणूस बर्लिनच्या बेकरीत ‘फक्त रोख’ अशी पाटी वाचतो आणि आपण पुढारलेल्या देशात आलो की मागे गेलो, असं त्याला वाटतं. जर्मन मध्यवर्ती बँकेच्या पाहणीनुसार २०२३मध्येही दुकानांतले आणि रोजचे ५१ टक्के व्यवहार रोखीनं झाले. २०१७मध्ये हे प्रमाण ७४ टक्के होतं.

याचं कारण म्हणून नेहमी १९२३ची महागाई सांगितली जाते. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. पण हे कारण मला अर्धंच वाटतं, कारण तेव्हा मेली ती नोटच. कपाटातली रोकड आणि बँकेतली ठेव, दोन्हींचा कागद झाला. जून १९४८मध्ये पश्चिम जर्मनीत नवं चलन आलं. प्रत्येकाला आधी ४० नवे मार्क रोख मिळाले, आणि बँकेतल्या जुन्या १०० मार्कांचे शेवटी साडेसहा झाले. एका पिढीनं दोनदा बचत गमावली. यातून नोटेवर प्रेम बसेल असं नाही. पण आपला पैसा कुठे आहे हे दुसऱ्यानं सांगू नये, तो आपल्या हातात असावा, ही भावना समजू शकते. त्यात नोंदवह्यांचा इतिहास मिळवा. रोकड कुणी कुठे खर्च केली याची वही राहत नाही.

१९९०मध्ये तर एक कोटी साठ लाख माणसं घर न सोडता परक्या बँकव्यवस्थेत नवखी झाली. १ जुलैला पूर्व जर्मनीत पश्चिमेचा मार्क आला. हातातली रोकड थेट बदलून मिळत नव्हती. आधी ती खात्यात भरायची, मग बदल. प्रौढांचे ४००० मार्कांपर्यंतचे पैसे एकास एक बदलले गेले, साठीच्या पुढच्यांचे ६०००पर्यंत, त्यावरचे दोनास एक. खातं नसणाऱ्याला पर्याय नव्हता. ८ नोव्हेंबर २०१६ची रात्र आणि नंतरच्या रांगा आठवणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

मेलेल्या चेकचं नाव

रोख नाही तर काय? बेकरीत कुणी विचारतं, ‘ईसी-कार्ड चालेल?’ हे ‘ईसी’ म्हणजे मूळचं युरोचेक. १९६०च्या दशकाच्या शेवटी आलेल्या या चेकमागे बँकेची हमी असे आणि कार्ड दाखवून तो युरोपभर वटे. २००१च्या अखेरीस ही हमी संपली, चेक गेला, कार्डाचं नाव २००७पासून ‘गिरोकार्ड’ झालं. लोक अजून ईसीच म्हणतात. नव्या माणसानं हे ऐकून हातातलं क्रेडिट कार्ड पुढे केलं, की अनेक ठिकाणी नकार मिळतो, कारण दुकानाचं यंत्र फक्त गिरोकार्ड घेतं.

घरभाडं, वीज, फोन, जिम यांसाठी ‘लास्टश्रिफ्ट’ असते. यूपीआयमध्ये पैसे आपण पाठवतो. इथे तुम्ही एकदा सही करून परवानगी देता आणि समोरचा दर महिन्याला तुमच्या खात्यातून पैसे काढून घेतो. पहिल्यांदा ऐकताना छातीत धस्स होतं. पण या पद्धतीला एक मजबूत कुलूप आहे. गेलेले पैसे कारण न देता आठ आठवड्यांच्या आत परत मागता येतात. परवानगीच दिली नसेल तर तेरा महिन्यांपर्यंत. पटकन पैसे पाठवायची सोय यायला मात्र वेळ लागला. दहा सेकंदांत पैसे पोचवणारी सेवा युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ऑक्टोबर २०२५पासून बंधनकारक झाली, तीही साध्या व्यवहारापेक्षा जास्त शुल्क न घेता.

खात्याचा क्रमांक, म्हणजे आयबान, जर्मनीत २२ अक्षरांचा असतो. पहिली दोन अक्षरं देशाची, मग दोन तपासणीचे आकडे, मग आठ आकडी बँक-संकेत, मग दहा आकडी खाते क्रमांक. तपासणीचं गणित छान आहे. पहिली चार अक्षरं उचलून शेवटी न्यायची, अक्षरांचे आकडे करायचे आणि त्या लांबलचक संख्येला ९७नं भागायचं. बाकी १ उरली तर क्रमांक लिहिताना चूक झालेली नाही असं बहुधा म्हणता येतं.

त्याहून मजेदार आहे बँक-संकेताचा पहिला आकडा. हे संकेत १९७०मध्ये आले, तेव्हा देशाचे विभाग पाडले होते. २ म्हणजे उत्तर, ७ म्हणजे बव्हेरिया. ८ हा आकडा पूर्वेकडच्या राज्यांकडे आहे. म्हणजे नकाशावरून पुसलेली सीमा आयबानच्या पाचव्या जागी अजून दिसते. युरोपच्या नियमाप्रमाणे एखाद्याचा आयबान दुसऱ्या सदस्य देशाचा आहे म्हणून त्याला नाकारता येत नाही. लोक नाकारतात ते नाकारतातच.

हक्क

खातं मिळणं हा उपकार की हक्क? जर्मन बँकांच्या संघटनांनी १९९५मध्ये ‘सर्वांसाठी गिरोकोन्टो’ अशी शिफारस केली. ती ऐच्छिक होती, त्यामुळे ज्यांना खरी गरज होती ते बाहेरच राहिले. २३ जुलै २०१४ला युरोपीय संघानं निर्देश काढला, की कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत खातं मिळालंच पाहिजे. त्यानंतर पाच आठवड्यांनी, २८ ऑगस्टला, आपल्याकडे जनधन योजना सुरू झाली. जर्मनीत हा कायदा १९ जून २०१६पासून लागू झाला. तो बेघरांना लागू आहे, आश्रय मागणाऱ्यांना लागू आहे. ठरावीक नमुन्यातला अर्ज पूर्ण भरून दिला, की बँकेनं दहा कामकाजी दिवसांत खातं द्यायचं किंवा नकार लेखी कळवायचा. नकाराविरुद्ध वित्तीय नियामकाकडे दाद मागता येते. घराचा पत्ता नसलेल्या माणसालाही खातं मिळावं, हे लिहायला शंभर वर्षं लागली.

म्हणजे कोड्याच्या सुरुवातीचं ‘खात्यासाठी नोंदणीकृत पत्ता हवाच’ हे वाक्य कायद्याचं नव्हे, सवयीचं आहे. बँका ते अजून उच्चारतात आणि नवे लोक निमूट परत फिरतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी अडलं की मी आता खोली सुचवण्याआधी मूलभूत खात्याच्या अर्जाचं नाव सांगते.

आपल्याकडे असं काही नाही, असं म्हणायचा मोह होतो. एप्रिल २०१६मध्ये मुंबईत यूपीआय सुरू झालं आणि बघता बघता भाजीवालीपर्यंत पोचलं, हे खरंच आहे. पण पुण्यात नोकरीला आलेल्या परदेशी माणसाच्या जागी उभं राहून बघा. यूपीआयला भारतातलं खातं हवं. खात्याला पत्त्याचा पुरावा हवा, म्हणजे भाडेकरार हवा. आधारला मागच्या बारा महिन्यांतले किमान १८२ दिवस भारतात काढलेले हवेत. तोवर तो टपरीसमोर उभा आहे, खिशात परदेशी कार्ड आहे, आणि टपरीवाला क्यूआर कोडकडे बोट दाखवतोय. परदेशी पाहुण्यांसाठी २०२३मध्ये, जी-२०च्या निमित्तानं, यूपीआयचं वेगळं दार उघडलं गेलं. तोवर ती व्यवस्था सर्वांसाठी खुली आहे असंच आपल्याला वाटत होतं, कारण आपण तिच्या आत होतो.

पुढच्या वेळी तुमच्या ऑफिसात, सोसायटीत किंवा दुकानात असा नवा माणूस दिसला, आणि दोनशे रुपयांसाठी तो पाच मिनिटं फोनशी झगडत असला, तर तेवढे पैसे तुमच्या फोनवरून भरा आणि त्याच्याकडून रोख घ्या. बर्लिनमध्ये पहिल्या महिन्यात माझ्यासाठी लोकांनी याच्या उलट केलं होतं. माझ्याकडे कार्ड होतं, त्यांच्याकडे नोटा.